सात अक्षरं आणि एक बेकार आर्किटेक्ट

रत्नागिरीत जुलैचा पाऊस एकदा लागला की दोन-दोन दिवस हटत नाही. मांडवीला फिरायला जायची सोय नसते, भाट्याच्या पुलावर वारा उभं राहू देत नाही. त्यात लाइट गेले की मोबाइलची बॅटरी पुरवून पुरवून वापरायची. अशा वेळी हॉस्टेलच्या खोलीत किंवा घरच्या पडवीत काय निघतं? पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, आणि कुणाकडे असेल तर स्क्रॅबल.

स्क्रॅबल म्हणजे इंग्रजी पाठांतराचा खेळ, असा आपल्याकडे समज आहे. ज्याचं इंग्लिश मीडियम, तो जिंकणार. म्हणून आपल्यातले बरेच जण बोर्ड उघडायच्या आधीच हार मानतात. पण तुम्ही गणपतीत रात्र जागवायला बदाम सात खेळला असाल, तर स्क्रॅबलचं अर्धं डोकं तुमच्याकडे आहेच. हातात उतरता येण्याजोगी दोन पानं असतात. कुठलं आधी टाकायचं? जे टाकल्यावर समोरच्याची वाट मोकळी होईल ते, की जे टाकल्यावर आपलीच पुढची पानं सुटतील ते? पानं कुठली आली हे नशीब. कुठलं टाकलं हा निर्णय. स्क्रॅबलही तिथेच घडतो.

हा खेळ ज्यानं बनवला त्याच्या हातातली पानंही फारशी चांगली नव्हती. त्याचं नाव आल्फ्रेड मोशर बट्स. स्क्रॅबल जगभर माहीत आहे, बट्स मात्र फार थोड्यांना. तुम्ही आत्ता कॉलेजात असाल आणि डिग्रीनंतर काय, हा प्रश्न रोज रात्री उशाशी घेऊन झोपत असाल, तर या माणसाची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

नोकरी गेली तेव्हा

आल्फ्रेडचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी या गावी झाला. वडील वकील, आई शिक्षिका. म्हणजे आपल्याकडच्यासारखंच मध्यमवर्गीय, शिकलेलं घर. मुलानं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ मध्ये आर्किटेक्चरची पदवी घेतली. न्यूयॉर्कच्या एका फर्ममध्ये नोकरी लागली. नीना नावाच्या शिक्षिकेशी लग्न झालं. ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी होती आणि शाळेत असताना त्याला शिकवायलाही होती. दोघं न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला राहू लागले. सगळं मार्गी लागलं होतं.

मग ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. मंदीत सगळ्यात आधी काय थांबतं? बांधकाम. नवी इमारतच नको तर आर्किटेक्ट कशाला हवा? १९३१ मध्ये आल्फ्रेडची नोकरी गेली. वय बत्तीस. पुढे मंदी इतकी वाढली की १९३३ पर्यंत अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चौघांतला एक जण बेकार होता. म्हणजे अर्ज कुठे करायचा, हाही प्रश्नच.

त्यानं थोडं लेखन करून पाहिलं, चित्रं काढली. चित्रकार म्हणून तो बरा होता. पण त्यावर घर चालणं कठीण होतं. मग त्याच्या डोक्यात आलं की लोकांकडे पैसा नाही, पण रिकामा वेळ भरपूर आहे. घरबसल्या, स्वस्तात, पुन्हा पुन्हा खेळता येईल असा खेळ बनवला तर?

आता इथे बघा. तुम्ही-आम्ही असतो तर कागद घेऊन लगेच खेळ बनवायला बसलो असतो. आल्फ्रेड आधी अभ्यासाला बसला. बाजारात असलेल्या खेळांचे त्यानं तीन गट पाडले. पहिला आकड्यांचा, म्हणजे फासे, बिंगो वगैरे. दुसरा सोंगट्या हलवण्याचा, म्हणजे बुद्धिबळ, चेकर्स. तिसरा शब्दांचा. पहिल्या गटात सगळं नशिबावर. फासा पडेल तसं. बुद्धिबळात नशिबाला जागाच नाही, त्यामुळे कच्चा खेळाडू पक्क्यासमोर कायम हरतो आणि कंटाळतो. आल्फ्रेडला मधलं काहीतरी हवं होतं. थोडं नशीब, थोडं कसब. नवख्यालाही कधीतरी जिंकता यावं, पण पन्नास डाव खेळले तर चांगला खेळाडूच पुढे असावा.

शब्दांच्या गटात तेव्हा चांगला म्हणावा असा खेळ फारसा नव्हता. मोकळी जागा त्याला तिथे दिसली.

पेपरातली अक्षरं मोजणारा माणूस

शब्दांचा खेळ करायचा तर अक्षरांच्या सोंगट्या हव्यात, म्हणजेच टाइल्स. पण कुठल्या अक्षराच्या किती? सगळ्यांच्या सारख्याच ठेवल्या तर खेळ दोन मिनिटांत अडकेल, कारण क्यू आणि झेड हातात घेऊन माणूस करणार काय?

उत्तराची वाट त्याला एका गोष्टीनं दाखवली. एडगर ॲलन पो या लेखकाची ‘द गोल्ड बग’ नावाची जुनी कथा आहे. तिच्यात गुप्त खजिन्याचा सांकेतिक मजकूर उलगडताना नायक एक युक्ती वापरतो. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा ई येतो, तेव्हा मजकुरात जी खूण सगळ्यात जास्त वेळा आली आहे, ती ई असणार. आल्फ्रेडनं हीच युक्ती उलटी लावली. त्यानं न्यूयॉर्क टाइम्ससारखे पेपर घेतले आणि त्यांतली अक्षरं मोजायला सुरुवात केली. एकेक अक्षर, हातानं, कागदावर खुणा करत. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. हजारो अक्षरं.

या मोजदादीतून आलेलं वाटप आजही इंग्रजी स्क्रॅबलमध्ये कायम आहे. एकूण शंभर टाइल्स. त्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर आणि टी सहा-सहा. दुसऱ्या टोकाला जे, के, क्यू, एक्स आणि झेड फक्त एकेक. दोन टाइल्स कोऱ्या, म्हणजे ब्लँक. त्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात, पण त्यांना गुण शून्य. जे अक्षर सहज मिळतं त्याला एक गुण, जे दुर्मीळ त्याला जास्त. क्यू आणि झेडला दहा-दहा.

पण सगळ्यात हुशार निर्णय एसचा आहे. इंग्रजीत एस भरपूर येतो. मोजदादीप्रमाणे त्याच्या आणखी टाइल्स ठेवायला हव्या होत्या. आल्फ्रेडनं चारच ठेवल्या. का? कारण एस लावला की इंग्रजीत बहुतेक नामांचं अनेकवचन होतं. एस जास्त ठेवले असते तर खेळाडूंनी दुसऱ्याच्या शब्दाला नुसती शेपटी लावून गुण गोळा केले असते. आकडे एक सांगत होते, खेळाची मजा दुसरं मागत होती. त्यानं आकड्यांचा मान राखला आणि जिथे गरज तिथे त्यांना बाजूलाही ठेवलं.

तुम्ही डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करत असाल तर हे लक्षात ठेवा. मोजणं हे अर्धं काम. मोजलेल्यापैकी काय वापरायचं नाही, हे ठरवणं उरलेलं अर्धं.

दिसेल तो शब्द टाकू नका

या चार एसमुळे स्क्रॅबलमध्ये डावपेच कसे येतात, ते एका उदाहरणानं पाहू.

समजा पहिली खेळी तुमची आहे. पट्टीवर सात टाइल्स आल्यात: एच, ओ, एम, ई, एस, आर, टी. तुम्हाला दोन शब्द दिसले. एक ‘हेम’, म्हणजे कापडाची दुमडलेली कड. एच, ई, एम, तीन अक्षरं. दुसरा त्याचंच अनेकवचन, शेवटी एस लावून. पहिल्या खेळीला मधल्या घरामुळे शब्दाचे गुण दुप्पट होतात. त्यामुळे ‘हेम’चे १६ होतात आणि एस लावला तर १८.

काय टाकाल? नवखा खेळाडू १८ घेतो. दोन गुण जास्त आहेत ना! अनुभवी खेळाडू १६ घेतो आणि एस पट्टीवर ठेवतो. कारण हातात राहिलेल्या एका एसची किंमत तो साधारण आठ गुणांची धरतो. ब्लँकची तर पंचवीस-तीस. म्हणजे दोन गुणांसाठी आठ गुणांची वस्तू विकायची नाही. स्क्रॅबलमध्ये तुम्ही बोर्डवर काय ठेवलंत हे सगळ्यांना दिसतं. पट्टीवर काय उरलं हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि पुढची खेळी त्यातूनच होणार असते.

पण थांबा. ही सात अक्षरं पुन्हा एकदा बघा. फिरवा. एम, ओ, टी, एच, ई, आर, एस. ‘मदर्स’! सातही अक्षरं एकाच खेळीत संपली तर वर पन्नास गुण बक्षीस मिळतात. १६ की १८ म्हणून आपण डोकं खाजवत होतो, आणि याच टाइल्समध्ये कमीत कमी ७४ गुण पडून होते. याच अक्षरांत ‘थर्मॉस’ही आहे आणि ‘स्मदर’ही.

स्क्रॅबलचे चांगले खेळाडू म्हणूनच टाइल्स सारख्या जागच्या जागी फिरवत बसतात. समोर आलेल्या दोन पर्यायांतून निवडण्याआधी, तिसरा पर्याय आपल्याला दिसलाच नाही असं तर नाही ना, हे ते तपासतात. रत्नागिरीतच राहू की मुंबईला जाऊ, एमपीएससी करू की खासगी नोकरी बघू, अशा दोनच टोकांत आपण अडकतो तेव्हा पट्टीवरची अक्षरं एकदा फिरवून बघायला काय हरकत आहे?

आणखी एक. भाषा फर्डी येणं म्हणजे स्क्रॅबल येणं नव्हे, याचा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा खेळाडू फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! त्यानं काही आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली. पण यादी पाठ असणारे समोरही बसले होते. बोर्डवर कुठली जागा उघडायची, कुठली बंद करायची, पिशवीत आता कुठली अक्षरं उरली असतील, या निर्णयांत तो त्यांच्या पुढे गेला. तेव्हा इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे बसायचं कारण नाही.

घराघरातून नकार

आल्फ्रेडकडे परत येऊ. त्याच्या पहिल्या खेळाचं नाव होतं ‘लेक्सिको’. त्याला बोर्डच नव्हता, फक्त टाइल्स आणि पट्ट्या. हे संच तो घरीच बनवायचा. ओळखीपाळखीत विकायचा. शंभरही खपले नसतील. खेळ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे, पार्कर ब्रदर्स आणि मिल्टन ब्रॅडलीकडे त्यानं तो पाठवला. दोघांनीही नको म्हटलं. पेटंटचा अर्जही नामंजूर झाला.

अमेरिकेत तेव्हा शब्दकोड्यांचं वेड होतं. पेपरात पहिलं शब्दकोडं १९१३ मध्ये छापून आलं आणि विसाच्या दशकात त्याची लाटच आली. लोक आगगाडीत, ऑफिसात कोडी सोडवायचे. आल्फ्रेडला दिसलं की शब्द नुसते मांडण्यापेक्षा एकमेकांत अडकवले तर मजा वाढेल. १९३८ मध्ये त्यानं टाइल्सला बोर्डची जोड दिली. पंधरा बाय पंधरा घरं. काही घरांवर अक्षराचे गुण दुप्पट-तिप्पट, काहींवर अख्ख्या शब्दाचे. नाव ठेवलं ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’.

बोर्ड त्यानं आर्किटेक्टच्या ड्रॉइंगच्या साहित्यानं आखला आणि ब्ल्यूप्रिंट काढतात तशा त्याच्या प्रती काढल्या. टाइल्सवरची अक्षरं हातानं लिहून लाकडाच्या पातळ तुकड्यांवर चिकटवली. ज्या कामानं पगार देणं थांबवलं होतं, त्याच कामाचं कसब त्याला इथे उपयोगी पडलं. डिग्री वाया गेली असं आपण फार पटकन म्हणतो.

कंपन्यांचं उत्तर मात्र तेच. नको. दरम्यान त्याला आर्किटेक्टचं काम पुन्हा मिळालं. नोकरी करायची, संध्याकाळी खेळात सुधारणा करायची, परिसरातल्या मित्रमंडळींना जमवून चर्चच्या हॉलमध्ये खेळून बघायचं, असं चालू राहिलं. १९३१ पासून मोजली तर सोळा-सतरा वर्षं.

खेळी सोडून देण्याची खेळी

स्क्रॅबलमध्ये एक विचित्र नियम आहे. तुमच्या पट्टीवर अगदीच भंगार अक्षरं आली, समजा चार आय आणि दोन यू, तर तुम्ही त्या टाइल्स पिशवीत टाकून नव्या घेऊ शकता. पण त्या बदल्यात तुमची पाळी जाते. गुण शून्य. नवख्यांना हे जिवावर येतं. सहा-सात गुणांचा का होईना, काहीतरी शब्द टाकू असं वाटतं. मग पुढच्या चार खेळ्या ते त्याच भंगारात रखडतात. जाणकार खेळाडू शांतपणे शून्य गुण घेतो, कारण त्याला पुढच्या खेळ्या दिसत असतात.

१९४८ मध्ये आल्फ्रेडनं जवळपास असंच केलं. जेम्स ब्रुनो नावाच्या गृहस्थाकडे ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’चा हातानं बनवलेला एक संच होता. त्याला हा खेळ बाजारात आणायचा होता. आल्फ्रेडनं त्याला खेळ बनवायचे आणि विकायचे हक्क देऊन टाकले. बदल्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे काही सेंट मानधन.

ब्रुनोनं काय बदललं? बोर्डवरच्या खास घरांची मांडणी आणि रंग, काही नियम, सातही अक्षरं संपवली तर मिळणारे पन्नास गुण, आणि मुख्य म्हणजे नाव. ‘स्क्रॅबल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ घाईघाईनं चाचपडणं, खरवडणं. पिशवीत हात घालून टाइल्स शोधतो तसं. डिसेंबर १९४८ मध्ये या नावाची नोंदणी झाली. सोंगट्या, शंभर टाइल्सचं वाटप आणि खेळाचा गाभा बट्सचाच राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं घासलेलं काम काही सेंटांवर देऊन टाकलं? हा कसला निर्णय?

तेव्हाचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. पेटंट नाही. मोठ्या कंपन्यांनी तोंडावर नकार दिलाय. कारखाना काढायला पैसा नाही, आणि धंदा करण्याची त्याला हौसही नाही. वय एकोणपन्नास, हातात नोकरी. समोर एक माणूस स्वतःचे पैसे घालायला तयार आहे. या पट्टीवर यापेक्षा चांगली खेळी कुठली होती?

निर्णय चांगला की वाईट, हे आपण नेहमी निकालावरून ठरवतो. सिलेक्शन झालं तर निर्णय बरोबर, नाही झालं तर चूक. स्क्रॅबल खेळणारा असं करत नाही. त्यानं एस राखून ठेवला आणि पुढच्या खेळीला पिशवीतून नेमका क्यू आला, तर एस राखणं चुकीचं ठरत नाही. पिशवीत काय आहे हे त्याला दिसत नव्हतं. जे दिसत होतं त्यावर त्यानं नीट विचार केला होता का, एवढंच तपासायचं. नाहीतर एका वाईट टाइलमुळे माणूस आपली चांगली सवय सोडून देतो.

मग पिशवीतून ब्लँक आला

सुरुवातीला तर ब्रुनोचंच नुकसान झालं. कनेक्टिकट राज्यात एका जुन्या, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत तो आणि त्याची माणसं तासाला डझनभर संच बनवायची. १९४९ मध्ये सुमारे २४०० संच तयार झाले आणि वर्षाअखेरीस ४५० डॉलरचा तोटा झाला. पुढची दोन-तीन वर्षंही रडतखडतच गेली.

मग १९५२ उजाडलं. असं सांगतात की न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ या भल्यामोठ्या दुकानाचे प्रमुख सुट्टीवर गेले असताना त्यांनी हा खेळ पाहिला. परत आल्यावर आपल्या दुकानात तो नाही हे बघून त्यांनी मोठी ऑर्डर दिली. कारण काहीही असो, मागणी अशी उसळली की शाळेच्या इमारतीतला कारखाना पुरेना. तेव्हा ब्रुनोनं हा खेळ बनवायचं काम ‘सेल्चाव अँड रायटर’ या कंपनीकडे दिलं. गंमत म्हणजे याच कंपनीनं पूर्वी बट्सला नकार दिला होता! १९५४ या एका वर्षात खपलेल्या संचांची संख्या चाळीस लाखांच्या जवळपास गेली.

मेसीजची ऑर्डर हे नशीब होतं. त्याचं श्रेय आल्फ्रेडला देता येणार नाही आणि तो मागतही नव्हता. पण नशिबाची टाइल पिशवीतून आली तेव्हा ती लावायला बोर्डवर जागा तयार होती. वीस वर्षांपूर्वी पेपरातली अक्षरं मोजून त्यानंच ती केली होती.

पैसे आले, पण आल्फ्रेड अब्जाधीश वगैरे झाला नाही. काही सेंट गुणिले लाखो संच, एवढं उत्पन्न. त्यात तो खूश होता. त्यानं आर्किटेक्टचा पेशा सोडला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॅनफर्डव्हिल या छोट्या गावात पूर्वजांचं घर होतं, ते त्यानं पुन्हा विकत घेतलं. गावातल्या स्टॅनफर्ड फ्री लायब्ररीचा आराखडाही त्यानंच केला.

घरच्या मैदानावर

स्क्रॅबल बनवणारा माणूस स्क्रॅबलमध्ये अजिंक्य असेल असं वाटतं ना? तसं काही नव्हतं. त्याचं स्पेलिंग बेताचं होतं, आणि घरात त्याच्यापेक्षा भारी खेळायची ती नीना. तिनं एकदा ‘क्विक्झॉटिक’ हा शब्द लावला. क्यू आणि एक्स दोन्ही असलेला, आठ अक्षरांचा. या एका शब्दाचे पावणेतीनशेच्या वर गुण झाले. चांगल्या खेळाडूंचीही संपूर्ण डावाची बेरीज चारशेच्या आसपास असते, म्हणजे बघा.

१९७८ मध्ये उत्तर अमेरिकेत मोठी स्पर्धा सुरू झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये लंडनला झाली, तेव्हा आल्फ्रेड ब्याण्णव वर्षांचा होता. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, त्यानं आणखी एक खेळ बाजारात आणला होता, ‘आल्फ्रेड्स अदर गेम’ या नावानं. तो काही फारसा चालला नाही. ४ एप्रिल १९९३ रोजी, वयाची चौऱ्याण्णव वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, तो गेला. जॅक्सन हाइट्सला त्याच्या जुन्या राहत्या भागात रस्त्याच्या नावाची एक पाटी आहे. तिच्यावर प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधले गुण लिहिलेत.

मराठीत खेळायचं तर?

आता एक काम तुमच्यासाठी. आजच्या पेपरचं पहिलं पान घ्या आणि आल्फ्रेडसारखी अक्षरं मोजायला बसा. दुसऱ्याच ओळीत अडाल. ‘रत्नागिरी’ या शब्दात अक्षरं किती? र, त्ना, गि, री अशी चार? की त आणि न वेगळे, काना वेगळा, वेलांट्या वेगळ्या? प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीसह टाइल करायची म्हटली तर एकट्या ‘क’ची बाराखडी बारा टाइल्स खाणार, जोडाक्षरं आणखी वेगळीच. मात्रा सुट्या ठेवल्या तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लावायची की नंतर?

हा प्रश्न नवा नाही, आणि तो पडलेल्यांत आपल्याच गावात जन्मलेला एक मोठा माणूस होता. जुन्या छापखान्यात शब्द जुळवायचे ते शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे एक प्रकारच्या टाइल्सनीच. इंग्रजीचं काम थोड्या खिळ्यांत भागायचं. मराठीला जोडाक्षरांसकट शेकडो लागायचे आणि खिळे जुळवणाऱ्याचा वेळ शोधण्यातच जायचा. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी हे खिळे कमी करण्याच्या कामात लक्ष घातलं होतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हाच तिथेही सवाल.

तेव्हा कुठल्या टाइल्स करायच्या ते आधी ठरवा, मग मोजा. ‘ळ’ला किती गुण द्याल? ‘ण’ला? ‘ङ’ची टाइल ठेवाल की काढूनच टाकाल? गुण इंग्रजीवरून उचलून चालणार नाही. पोलिश भाषेच्या स्क्रॅबलमध्ये झेडला दहा नव्हे, एकच गुण आहे, कारण त्या भाषेत झेड पावलापावलावर येतो. आपली मोजणी आपणच करायला हवी. पुठ्ठा, कात्री, स्केचपेन आणि पावसाची एक रविवार दुपार एवढं साहित्य पुरे. आल्फ्रेडकडे सुरुवातीला याहून फार जास्त नव्हतं.

बोर्डसमोर बसताना

* पहिला शब्द दिसला की लगेच टाकू नका. टाइल्स फिरवा, निदान आणखी दोन शब्द शोधा.
* गुणांसोबत पट्टीवर काय उरतंय तेही बघा. नुसते स्वर किंवा नुसती व्यंजनं उरली तर पुढची खेळी फसते.
* एस आणि ब्लँक चिल्लर गुणांसाठी खर्च करू नका.
* तुमच्या शब्दामुळे समोरच्याला शब्दाचे तिप्पट गुण देणारं घर मिळतंय का? मिळत असेल तर चार गुण कमी घ्या, पण दार उघडू नका. तुम्ही खूप मागे असाल तर मात्र उलटं करा. बोर्ड उघडा, धोका पत्करा.
* क्यू आणि आय या दोनच अक्षरांचा शब्द स्पर्धांत चालतो. चिनी कल्पनेतली प्राणशक्ती असा त्याचा अर्थ. हा एक शब्द पाठ असला तर यूची वाट बघत बसावं लागत नाही.
* शंभर टाइल्सचं वाटप ठरलेलं आहे. बोर्डवर आलेली अक्षरं कागदावर खोडत गेलात तर शेवटी समोरच्याच्या पट्टीवर काय आहे ते ओळखता येतं. स्पर्धेतही याला परवानगी असते.
* डाव संपताना क्यू हातात राहिला आणि समोरच्यानं आपल्या टाइल्स संपवल्या, तर तुमचे दहा जातात आणि त्याला दहा मिळतात. वीस गुणांचा फटका. जड अक्षरं वेळेत बाहेर काढा.
* हरलात तर शेवटची वाईट टाइल आठवत बसू नका. कुठल्या खेळीला घाई केली, ते आठवा.